खडा आणि त्याचं खरं नाव : वाचकांचे प्रश्न

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात, पहिल्या मजल्यावर, उत्तरेकडे उघडणाऱ्या खिडकीशी माझं टेबल आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून 27 वर्षांपूर्वी ही खोली घेतली. लोक खडे घेऊन येतात आणि बसायच्या आधी विचारतात, "ताई, किती किमतीचा आहे?" मी म्हणते, आधी तो कोण आहे ते बघू. नाव कळलं की किंमत मागाहून कळते. नाव चुकलं तर मात्र पुढचं सगळंच चुकतं. या वेळच्या पत्रांमध्ये नेहमीच्या माणिक-पाचूंपेक्षा वेगळे खडे आले आहेत. त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील.

माझे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते. एक रशियन इंजिनिअर मायदेशी परत जाताना त्यांना अंगठी देऊन गेला. "अलेक्झांड्राइट आहे, रंग बदलतो," असं म्हणाला होता. आई ती सणावारी घालायची. लहानपणी मी तिचा रंग बदलताना पाहिला आहे. आता अंगठी माझ्याकडे आहे, पण रंग बदलत नाही. खडा मेला का? आणि तो खरा आहे का? – एक वाचक, दुर्ग

हे पत्र वाचल्यावर मी या ताईंना अंगठी घेऊन बोलावलं. सकाळच्या गाडीने त्या आल्या. अंगठी चांदीच्या कुंकवाच्या डबीत, कापसात ठेवलेली. सोनं तांबूस झाक असलेलं, आतल्या बाजूला 583 आकडा आणि शेजारी बारीक तारा. हा सोव्हिएत काळातला छाप. त्यामुळे अंगठी रशियाची आहे, यात शंका राहिली नाही. भिलाईची पहिली भट्टी 1959 साली सुरू झाली. त्या काळात तिथे आलेल्या रशियन कुटुंबांशी आपल्या माणसांचा घरोबा होता. अशा दोन-तीन अंगठ्या मी याआधीही पाहिल्या आहेत.

पहिला प्रश्न आधी घेतला. खिडकीशी खडा निळसर राखाडी दिसत होता. खोलीतला पांढरा एलईडी लावला, तरी तसाच. मग मी दिवा बंद केला, खिडकीची झडप ओढली आणि कोपऱ्यातली समई लावून अंगठी तिच्यापाशी धरली. खडा जांभळा झाला. वांग्याच्या फुलासारखा, थोडा गुलाबीकडे झुकणारा. ताई कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आई आरतीला उभी राहायची, तेव्हा असाच दिसायचा."

तर ताई, तुमचा खडा मेलेला नाही. घरातला पिवळा बल्ब गेला, एवढंच झालं. तुमच्या लहानपणी घरात तारेचा बल्ब असायचा आणि त्याच्या उजेडात तांबडा भाग भरपूर असायचा. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग जास्त असतो. रंग बदलणारे खडे मधला पिवळा पट्टा गिळतात आणि दोन्ही बाजूंना दार उघडं ठेवतात. उजेडात जे जास्त असेल, ते त्या दारातून बाहेर येतं. आपल्या पांढऱ्या एलईडीत तांबडा भाग कमी, म्हणून दिवाणखान्यात खडा दिवसासारखाच दिसतो. असा खडा पाहायचा असेल तर समई, निरांजन किंवा जुना बल्ब हवा.

आता दुसरा प्रश्न. इथे मला थोडं सावकाश सांगू द्या.

खरा अलेक्झांड्राइट हा क्रिसोबेरिल जातीचा खडा. आपला लसण्या ज्या जातीचा, त्याच जातीचा. आपण लसण्याला वैडूर्य म्हणतो आणि इंग्रजीतला 'बेरिल' हा शब्द त्याच वैडूर्याच्या प्राकृत रूपातून तिकडे गेला. आपल्या 'बिलोरी' आरशातलं बिलोरीही याच घराण्यातलं, फारसीतून फिरून परत आलेलं. हे मला इतकं आवडतं की खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. असो. या क्रिसोबेरिलमध्ये क्रोमियमचा अंश शिरला की अलेक्झांड्राइट होतो : दिवसा हिरवा, दिव्यापाशी तांबडा. 1830च्या दशकात तो रशियातल्या उरल पर्वतात पाचूच्या खाणींत सापडला. पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरवरून त्याला नाव मिळालं.

म्हणजे तो हिरवा दिसायला हवा होता. ताईंचा खडा राखाडी-निळा होता. तिथेच मला शंका आली होती, पण डोळ्यावर विसंबून मी कुणाला काही सांगत नाही. अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजायच्या यंत्राच्या काचेवर द्रवाचा एक थेंब टाकला, त्यावर खड्याचा सपाट माथा टेकवला. सावलीची रेघ आली 1.762वर, आणि खडा फिरवल्यावर दुसरी 1.770वर. अलेक्झांड्राइट असता तर 1.746 ते 1.755च्या आसपास आली असती. 1.762 आणि 1.770 ही कुरुंदाची खूण. माणिक आणि नीलम हे कुरुंदच. मग उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या, हातातल्या छोट्या वर्णपटदर्शकातून पाहिलं. निळ्या पट्ट्यात 475 नॅनोमीटरपाशी एक बारीक काळी रेघ, सुईने ओढल्यासारखी. ही व्हॅनेडियम या धातूची. शेवटी काचेच्या वाटीत ग्लिसरीन घेतलं, खाली पांढरा कागद ठेवला, अंगठी बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू फिरवत राहिले. दहा मिनिटांनी एका कोनात रेषा दिसल्या. एकामागे एक, सगळ्या वळणदार, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा.

निसर्गात वाढलेल्या स्फटिकाच्या रेषा सरळ असतात, कारण त्याच्या बाजू सपाट असतात. वळणदार रेषा एकाच ठिकाणी तयार होतात. फ्रान्सचे ओग्युस्त व्हर्न्यूई यांनी 1902 साली एक पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली पाडायची. ती वितळते, खालच्या दांड्यावर थेंबाथेंबाने साठते आणि काही तासांत गाजराएवढा कांडा तयार होतो. त्याचा माथा घुमटासारखा गोल असतो. म्हणून प्रत्येक थर वाकडा बसतो आणि ती वळणं खड्यात कायमची राहतात. पुडीत व्हॅनेडियम मिसळलं की कुरुंद रंग बदलू लागतो. सोव्हिएत काळातल्या 'अलेक्झांड्राइट'च्या अंगठ्यांमध्ये बहुतेक वेळा हाच खडा बसवलेला असतो.

मी ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे खोटा?" हा शब्द मला नको वाटतो. तो कुरुंदच आहे. माणकाइतकाच कठीण आहे. जन्म तेवढा भट्टीत झाला. त्या इंजिनिअरनेही तो दुकानातून अलेक्झांड्राइट म्हणूनच घेतला असेल, त्याने फसवलं असं मानायचं कारण नाही. विकायला गेलात तर सोन्याचेच पैसे मिळतील, हेही सरळ सांगते. पण कोंदणातून तो काढू नका. आणि कुणी "मोडून नवीन करून देतो" म्हणालं तर नाही म्हणा. भट्टीच्या गावात भट्टीतून जन्मलेला खडा आला आणि साठ वर्षं एका घरात आरतीच्या उजेडात रंग बदलत राहिला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी महागड्या खड्यांना एवढं आयुष्य मिळालेलं नसतं.

खरा पाहायची इच्छा असेल तर फार लांब बघायला नको. छत्तीसगडमध्येच, गरियाबंद जिल्ह्यात देवभोगच्या बाजूला अलेक्झांड्राइट मिळतो. श्रीलंका आणि ब्राझीलचा बाजारात जास्त दिसतो. ब्राझीलची हेमातिता इथली खाण 1987 साली सापडली, त्यातले काही खडे रंगबदलात उरलच्या तोडीचे निघाले. घ्यायचा असेल तेव्हा प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय घेऊ नका. लहानसा का असेना, अलेक्झांड्राइट स्वस्तात मिळत नाही. स्वस्त मिळाला तर तो बहुतेक वर सांगितलेला कुरुंदच असतो.

मुलाने मला इथिओपियाच्या ओपलची अंगठी ऑनलाइन मागवून दिली. खूप सुंदर होती. एके दिवशी अंगठी हातात असतानाच भांडी घासली आणि खडा काचेसारखा आरपार झाला, आतले रंग गेले. मुलाला अजून सांगितलं नाही. फसवणूक झाली का? – एक गृहिणी, मनीषनगर, नागपूर

मुलाला सांगू नका, आधी अंगठी चार-पाच दिवस वाटीत ठेवा. सावलीत, कूलरच्या झोतापासून दूर, उन्हात तर अजिबात नको. रंग बहुतेक परत येतील.

तुमचा ओपल पाणी प्यायला. इथिओपियाच्या वोलो भागात 2008 साली सापडलेला हा ओपल फार सच्छिद्र असतो. भाकरीसारखा पाणी शोषून घेतो आणि सावकाश सोडतो. ओपलचे रंग कुठून येतात ते 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे, दिवाळीतल्या लाडवांच्या डब्यात रचावेत तसे ओळीने रचलेले. त्या रचनेतून प्रकाश जाताना फुटतो आणि रंग चमकतात. मधल्या फटींत हवा असली तर फरक ठळक दिसतो. पाणी भरलं की गोळे आणि फटी प्रकाशाला जवळपास सारख्याच वाटतात, म्हणून खडा आरपार दिसतो. पाणी उडून गेलं की पुन्हा पहिल्यासारखा.

म्हणजे आरपार होणं ही फसवणुकीची खूण नाही. उलट काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नकली ओपल असं काही करत नाही.

पण एक धोका आहे. पाणी पिणारा खडा हळदही पितो, तेलही पितो, भांड्यांचा साबणही पितो. पाणी उडून जातं, हळद राहते. महालातल्या एका बाईंचा असा ओपल कायमचा पिवळसर झालेला मी पाहिला आहे. वरण-भाताला हात लावायच्या आधी अंगठी काढून ठेवायची सवय लावा. अत्तर, सॅनिटायझर, रंगपंचमीचे रंग, सगळं दूर.

नागपूरकरांसाठी आणखी एक. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की लाकडी दारं आक्रसतात. ओपलच्या अंगात पाणी असतं. एकदम उष्णता आणि कोरडेपणा बसला तर त्याला जाळीसारखे तडे जातात. मे महिन्यात ओपल कारच्या डॅशबोर्डवर, शोकेसच्या दिव्याखाली किंवा पत्र्याच्या कपाटात ठेवू नका. सराफाकडे अंगठी साफ करायला दिली तर आधी सांगा : अल्ट्रासोनिक यंत्रात टाकायची नाही. हे मी सोसलेलं आहे. पहिल्या कमाईतून घेतलेला माझा ऑस्ट्रेलियन ओपल एका कारागिराकडे कोंदण घट्ट करायला दिला होता. त्याने चांगल्या मनानेच तो यंत्रात धुऊन दिला. घरी आणला तेव्हा मधोमध केसाएवढी रेघ होती, महिन्याभरात ती काठापर्यंत गेली. अजून तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सांगायचं राहून गेलं होतं ते माझंच, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगते.

आजीच्या कुड्यांमधले लाल खडे घरात सगळे माणिक म्हणून ओळखत होते. वाटणीच्या वेळी तपासून घेतले तर दाखल्यावर 'नैसर्गिक स्पिनेल' आलं. भाऊ म्हणतो, आजीला सराफाने फसवलं. आता ते कुडं कुणालाच नको आहे. काय करावं? – एक वाचक, महाल, नागपूर

कुणालाच नको असेल तर तुम्ही घ्या, आणि भावाला हे उत्तर वाचायला द्या.

स्पिनेल म्हणजे आपली जुनी लालडी. माणिक आणि लालडी एकाच प्रकारच्या दगडांत, कितीदा एकाच खाणीत सापडतात. दोघांनाही लाल रंग क्रोमियमचाच. शेकडो वर्षं राजेरजवाड्यांनाही त्यातला फरक कळला नव्हता. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर जो मोठा लाल खडा आहे, त्याला आजही 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणतात आणि तो स्पिनेल आहे. ज्याला 'तैमूर माणिक' म्हणतात, ज्याच्यावर जहांगीरचं नाव कोरलेलं आहे, तोही स्पिनेलच. मोगलांच्या खजिन्यातल्या मोठ्या लाल खड्यांपैकी कितीतरी बदख्शानच्या लालड्या होत्या. तुमच्या आजीचा सराफ त्यांच्याहून जास्त हुशार असायला हवा होता, अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि दाखल्यावर 'नैसर्गिक' हा शब्द आहे, तो नीट वाचा. आज बाजारात माणिक म्हणून जे खपतं त्यात भट्टीत तापवलेलं आणि फटींमध्ये शिशाची काच भरलेलं पुष्कळ असतं. त्याला लिंबाचा रस लागला तरी काच खराब होते. लालडी बहुधा जशी खाणीतून निघते तशीच पैलू पाडून वापरली जाते. गेल्या काही वर्षांत चांगल्या लाल स्पिनेलला संग्राहक शोधत फिरतात.

दोघांमधला फरक कसा कळतो, हे तुमच्या भावाला दाखवायचं असेल तर माझ्याकडे डायक्रोस्कोप नावाची बोटाएवढी नळी आहे. तिच्यातून माणिक पाहिलं तर शेजारीशेजारी दोन चौकोन दिसतात, एक जांभळट लाल आणि एक नारिंगी लाल, कारण माणकात शिरलेला प्रकाश दुभंगतो. लालडीत तो दुभंगत नाही, दोन्ही चौकोन एकाच रंगाचे.

या एका फरकातून रत्नशास्त्रातली मला सर्वांत प्रिय असलेली घटना घडली. 1945 साली डब्लिनमध्ये रिचर्ड टॅफ नावाचे गृहस्थ जुन्या दागिन्यांतले खडे पाहत होते. एक फिकट जांभळट खडा सगळ्या अंगांनी स्पिनेल वाटत होता. पण भिंगातून पाहताना त्यांना पलीकडच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या. स्पिनेलमध्ये तसं होऊ शकत नाही. दुसरा कुणी असता तर डोळे चोळून पुढे गेला असता. टॅफ यांनी तो लंडनच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तो जगाला माहीतच नसलेला खनिज-प्रकार निघाला. आज त्याला टॅफाइट म्हणतात. एखादं खनिज आधी पैलू पाडलेल्या खड्यात ओळखलं गेलं, असं तोवर कधी झालं नव्हतं. श्रीलंकेतल्या फिकट जांभळ्या स्पिनेलच्या पुडीत आजही एखादा टॅफाइट निघू शकतो. म्हणून जांभळट स्पिनेल समोर आला की मी आजही भिंग खाली ठेवत नाही, पलीकडची कड आधी मोजते. एक का दोन. 27 वर्षांत एकदाही दोन दिसल्या नाहीत. बघत राहीन.

आमचे आजोबा भंडारा जिल्ह्यात खाणीवर मुकादम होते. त्यांच्या पेटीत निळ्या रंगाचे लांबट पट्टीसारखे दगड सापडले. एका दुकानदाराने 'कच्चा नीलम' म्हणून विकत घ्यायची तयारी दाखवली, मग दुसऱ्याने हसून परत दिले. नीलम आहे का? – एक वाचक, पवनी

फोटोवरून तो कायनाइट वाटतो आणि आजोबांची नोकरी भंडाऱ्याला होती म्हटल्यावर मला जवळपास खात्री आहे. भंडाऱ्याची खाण म्हणजे कायनाइट आणि सिलिमनाइट. हे पोलादाच्या भट्टीच्या आतल्या विटांसाठी लागतं, कारण प्रचंड उष्णतेतही टिकतं. आजोबांनी ढिगातून निळे तुकडे निवडून ठेवले, याचा अर्थ त्यांना नजर होती.

घरी एक गंमत करून बघा. एका तुटक्या पट्टीवर पोलादी सुईने लांबीच्या दिशेने ओरखडा काढा. उमटेल. आता तीच सुई आडवी ओढा. सुई घसरेल, दगडाला काही होणार नाही. एकाच दगडाचा कठीणपणा उभा साडेचार-पाच आणि आडवा साडेसहा-सात. इतका फरक दुसऱ्या ओळखीच्या खड्यात सापडणं कठीण. जुन्या खनिजशास्त्रात त्याचं एक नाव 'डिस्थीन' होतं, म्हणजे दोन बळांचा. नीलम असता तर सुईने कुठल्याच दिशेने ओरखडा पडला नसता. ही परीक्षा फक्त कच्च्या, फुटक्या तुकड्यावर करायची. पैलू पाडलेल्या खड्याला सुई लावायची नाही, कुणी लावायला सांगितलं तरी नाही.

यामुळेच कायनाइटला पैलू पाडणं कारागिराची परीक्षा असते. तो पात्याच्या दिशेने लांब चिरकतो, खाली पडला तर सरळ दोन फळ्या होतात. अंगठीत बसवू नका, रोजच्या वापरात टिकणार नाही. लटकन किंवा कानातलं चालेल. नेपाळचा कायनाइट इतका गडद निळा असतो की पहिल्या नजरेला भलेभले त्याला नीलम म्हणतात. तुमचे दगड बहुधा तितके स्वच्छ नसतील. माझं मत विचाराल तर पैलू पाडूच नका. जशी पट्टी आहे तशी कापसावर ठेवा. खाली चिठ्ठी लिहा : काय आहे, कुठल्या खाणीतलं, साधारण कोणत्या साली, कुणी आणलं. ज्या दगडाचं गाव माहीत आहे, तो संग्राहकाला बेवारशी दगडापेक्षा नेहमी जास्त मोलाचा.

मोबाइलवर पेनाइट नावाचा 'जगातला सर्वांत दुर्मिळ खडा' तीनशे रुपये कॅरेटने मिळतो आहे. घ्यावा का? – एक विद्यार्थी, अमरावती

नको. पेनाइट ब्रह्मदेशात आर्थर पेन यांना 1950च्या दशकात मिळाला. त्यानंतर कित्येक दशकं त्याचे मोजून दोन-तीन स्फटिक जगाला माहीत होते. 2000नंतर मोगोकच्या परिसरात आणखी सापडले, पण पैलू पाडण्याजोगा स्वच्छ तुकडा अजूनही विरळाच. तीनशे रुपयांत तपकिरी लाल काच किंवा गोमेद येईल. त्यातून गोमेद आला तर नशीब म्हणा, गोमेद सुंदर असतो.

नीलम लाभतो की नाही हे उशाखाली ठेवून कळतं का? – तीन वाचकांचा एकच प्रश्न

पत्रिका हा माझा विषय नाही, त्यावर मी काही सांगू शकत नाही. उशाखाली ठेवण्याआधी तो नीलमच आहे ना, तेवढं पाहून देऊ शकते.

मी नोकरीला लागलो आहे. महिन्याला दोन हजार बाजूला काढून दुर्मिळ रत्नांचा संग्रह करायची इच्छा आहे. बेनिटोइट, ग्रँडिडियराइट, लाल बेरिल यांची नावं वाचली. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. पण तुम्ही लिहिलेली तिन्ही नावं सुरुवातीला बाजूला ठेवा. बेनिटोइटचे पैलू पाडण्याजोगे खडे कॅलिफोर्नियातल्या एका परगण्यातून आले, लाल बेरिलचे यूटाच्या डोंगरांतून. एवढ्या लांबचे खडे, महाग, आणि तपासायची सवय नसताना घ्यायचे म्हणजे विकणाऱ्याच्या शब्दावर घ्यायचे. ते करू नका.

पहिल्या महिन्याचे पैसे दहापट मोठं दाखवणाऱ्या चांगल्या भिंगावर खर्च करा. तीन भिंगांचं जोडभिंग घ्या, कडेला रंगीत झालर दिसत असेल तर परत द्या. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि खडा जवळ आणायचा. नवीन माणूस उलट करतो, खड्यावर भिंग धरतो आणि काही दिसत नाही म्हणतो. दुसऱ्या महिन्यात काही घेऊ नका. अजब बंगल्यात जा, 1863 पासूनचं आपलं संग्रहालय आहे, तिथल्या दगडांच्या कपाटांपुढे एक दुपार घालवा. सिन्नरला जाणं झालं तर गारगोटी संग्रहालय बघा. तिथे कळेल की दुर्मिळ गोष्टींसाठी महाराष्ट्राबाहेर पाहायची गरज किती कमी आहे.

आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये काय काय दडलं आहे! पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला कॅव्हन्साइट घ्या. मोरपिसाच्या निळ्या रंगाचे बारीक काट्यांचे गोळे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट या तिन्हींची अक्षरं जोडून त्याचं नाव झालं. अमेरिकेत आधी सापडला, पण जगभरातल्या संग्रहांत जो दिसतो तो बहुतेक वाघोलीचाच. नखापेक्षा थोडाच कठीण, म्हणून त्याचा दागिना होत नाही, त्याला डबीतच ठेवायचं. अंगठ्याच्या नखाएवढा नमुना तुमच्या दोन हजारांत बसेल. हिरवा अपोफिलाइटही बसेल, जळगाव-पुण्याकडचा.

आणि नागपूरला राहून मँगनीजकडे पाठ फिरवू नका. रामटेक, मनसर, कांद्री हा पट्टा जगभरातल्या खनिजशास्त्रज्ञांना माहीत आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक फर्मोर यांनी भारताच्या मँगनीज साठ्यांवरचा मोठा ग्रंथ 1909 साली छापला. त्यांनी इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. स्पेसार्टाइन जातीचे नारिंगी गार्नेट आणि गारगोटी यांचा तो खडक. इथला गुलाबी ऱ्होडोनाइट, काळ्या शिरांचा, त्याचा गोल घुमट पाडून घेतला तर फार देखणं लटकन होतं आणि खर्च फार नाही.

माझ्या संग्रहातला मला सर्वांत मोलाचा नमुना कुणी विकत घेणार नाही. माझे वडील मनसरच्या खाणीवर कारकून होते. काचुरवाहीचा एक तुकडा त्यांनी मला आणून दिला होता. बाहेरून काळपट, ओबडधोबड. एम.एस्सी.ला असताना विभागातल्या तंत्रज्ञांनी त्याची कागदाहून पातळ चकती करून दिली. ती ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशात फिरवली. त्यात गुलाबी रंगाचा एक कण होता, तो फिरता फिरता निळा झाला आणि पुढे पुन्हा गुलाबी. ब्लॅनफोर्डाइट. आता त्याला स्वतंत्र खनिज मानत नाहीत, ऑजाइटच्या कुळातला मँगनीजवाला प्रकार म्हणतात. पण ब्रिटिश भूवैज्ञानिक ब्लॅनफोर्ड यांच्यावरून पडलेलं हे नाव आपल्या रामटेक तालुक्यातल्या त्या गावाच्या दगडाला मिळालं. वडिलांना मी संध्याकाळी विभागात नेलं आणि भिंगापुढे बसवलं. ते चष्मा काढून बराच वेळ चकती फिरवत बसले, आणि मग त्यांनी विचारलं, "अशा किती गाड्या आम्ही भरून पाठवल्या असतील?"

चकती माझ्याकडे आहे. गुरुवारी दुपारी या, आधी ती बघा, मग काय घ्यायचं ते ठरवू.